काळ्या गळ्याचा सरदार

अप्पाजी भावजींना पान निवडताना ज्यानं पाहिलं असेल, तो त्यांना कधीच मूर्ख म्हणणार नाही. कुंभकोणच्या पेठेत विड्याच्या पानांच्या वखारीत ते बसत. पुढ्यात पाटी, मांडीवर ओलं फडकं, डोळे रस्त्यावर आणि बोटं पानांवर. अंगठा फिरला की त्यांना कळायचं, हे पान चार दिवस टिकेल, हे लग्नघरी जाईल, हे उद्याच डागेल. शेजारचा माणूस नीट मांडी घालून बसेपर्यंत यांची शंभर पानांची कवळी बांधून तयार. हे आधीच सांगून ठेवते, कारण जी चूक झाली ती अडाण्याच्या हातून झाली नाही. निवडीत मुरलेल्या माणसाच्या हातून झाली, आणि तीही मी हट्ट धरला म्हणून.

मी वत्सला, त्यांची मेहुणी. कामाक्षी अक्का माझी थोरली बहीण. बावन्न साली अक्काला खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा तिची सेवा करायला मी तंजावरहून आले. मला मागे ओढणारं तिथं कोणी नव्हतं. माझा नवरा दिवसभर ओसरीवर बसून खानदानाच्या गप्पा मारायचा आणि मी राबायची. तीन वर्षं सोसलं, मग एक दिवस पेटी उचलली आणि तंजावरला माहेरी निघून आले होते. तोंडाची तिखट म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती काही उगाच नाही.

भावजींच्या घरी मागच्या पडवीत लावे होते. तमिळ लोक त्यांना काडै म्हणतात. मुठीत मावेल एवढं पाखरू, पण भांडायला उठलं की आवरत नाही. भावजींचे वडील हनुमंतराव झुंजीचे लावे पाळायचे. त्यांच्या आज्यानं म्हणे तंजावरच्या राजवाड्यात हेच काम केलं होतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर म्हाताऱ्यानं सगळा जन्म काढला. पाखरांची डालगी सुनेनं धुवायची, राळे सुनेनं पाखडायचे, पिल्लांसाठी वाळवी सुनेनं उकरून आणायची, आणि यांनी झुंज जिंकून मिशीला पीळ द्यायचा. नऊ वर्षं अक्कानं हे सगळं केलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. माझी बहीण आणि मी एका आईच्या पोटच्या, यावर लोकांचा विश्वास बसत नसे.

त्या घरात पाखरांना दोनच नावं होती. अंगानं थोर, गळा काळाकुळकुळीत, छाती फुगवून हूम् हूम् घुमणारा आणि दुसरा दिसला की अंगावर धावणारा, तो ‘सरदार’. लहानखुरी, भुरकी, गप्प, अंड्यांवर चिकाटीनं बसणारी, ती ‘बाई’. राजवाड्यापासून चालत आलेले शब्द. म्हाताऱ्यानं मुलाला कधी पाखरांना हात लावू दिला नाही. शिकवलं एवढंच, की एका सरदाराला चार बाया ठेवायच्या. जास्त काही विचारलं की म्हणायचा, “तूं पान निवड.” वादळाच्या आदल्या वर्षी तो गेला आणि पाखरं भावजींच्या गळ्यात पडली.

बावन्नच्या कार्तिकात वादळ झालं. अख्खी रात्र कौलं उडत होती. पडवीचं छप्पर डालग्यांवर कोसळलं. तिसाहून जास्त पाखरं होती, त्यातली चौदा हाती लागली. पाच सरदार, नऊ बाया. भावजी ती कोरड्या फडक्यात एकेक करून गुंडाळत होते आणि आत अक्का खोकत होती.

अक्काचं असं होतं. मोठ्या दवाखान्यात क्षयावरच्या नव्या सुया आल्या होत्या, पण आधी यादीत नाव घालायचं. आमची पाळी तमिळ मासी महिन्याच्या अखेरीला, म्हणजे मार्चच्या मध्याला येईल असं सांगितलं होतं. म्हणजे अजून तीन महिने तिला टिकवून ठेवायची. आणि तिच्या पोटात तर काही म्हणजे काही ठरत नव्हतं. पेज उलटायची, दूध उलटायचं, साधं रसम् सुद्धा उलटायचं. हाताची हाडं दिसायला लागली. तिरुनागेश्वरमचे वैद्य शेषाद्री आले, नाडी धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, लाव्याच्या मांसाचा पातळ रस्सा द्या, मिरी घालून. आजाऱ्याला याहून हलकं काही नाही. पाखरं धरणारा मणी तिरुनीलक्कुडीकडचा, त्यानं दोन आणून दिली. रस्सा केला. अक्का प्याली. आम्ही दोघं भांडं घेऊन बसलो होतो, आता उलटेल, मग उलटेल. उलटला नाही. त्या दिवशी भावजी भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

पुढल्या खेपेला मणी रिकाम्या हातांनी आला. शेतं पाण्याखाली, बांध फुटलेले, पाखरू नावाला उरलेलं नाही. मासीनंतरच्या पंगुणी महिन्यापर्यंत मला काही विचारू नका, म्हणाला.

मग उरली पडवीतली चौदा. पण अक्का आधीच बोलून चुकली होती, “घरचीं पाखरं मझ्या पोटांत नकोत. मी वाढवलेलीं अहेत तीं.” म्हणून आम्ही ठरवलं की तिला सांगायचंच नाही. मणी आणतो, असं म्हणायचं. पाखरांचा विषय तिच्यापुढे काढायचा नाही. हे माझंच डोकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी पडवीच्या उंबऱ्यावर बसले. मी एकेक डालगं पुढे करत होते. डालग्यांना वरून कापड शिवलेलं असतं, कारण लावा घाबरला की सरळ वर उडी मारतो आणि लाकडावर टाळकं फोडून घेतो. भावजी कापडाखालून हात घालायचे, पाखरू उताणं तळहातावर घ्यायचे, छातीवर फुंकर मारून पिसं दुभंगवायचे आणि कातडीखालचा रंग बघायचे. अंगठ्यानं छातीचं हाड चाचपायचे. पाय ताणून बघायचे, डोळा बघायचे. वाईट ते डाव्या हाताला, चांगलं ते उजव्या. पानासारखंच सगळं. सगळी बघून झाल्यावर उजव्या हाताला एक सरदार आणि चार बाया राहिल्या. सगळ्यांत भरलेल्या, सगळ्यांत तजेलदार.

“हीं ठेवायचीं,” ते म्हणाले. “हीं वाढतील. बाकीचीं तुझ्या अक्काला.”

मी भडकले. “वा! बायकोला मरतुकडीं आणि चांगलीं तुम्हि पोसणार?”

“वत्सला,” ते शांतपणे म्हणाले, “पानमळ्यांत बेणें कुठलं ठेवतांत? सगळ्यांत चांगल्या वेलाचं. तेंच विड्यांत घातलं तर पुढल्या वर्षीं काय खायचं? नऊ पाखरं अठरा दिवस पुरतील. तीन महिने कोण पुरवणार?”

मी डाव्या हाताची डालगी उचलली. दिवसाआड एक पाखरू, आणि तेवढ्या वेळात या पाचांनी घर भरायचं. सगळा जीव एवढ्यावर टांगलेला.

आधी चार जादा सरदार गेले. मागच्या पायरीवर बसून मीच कापायची. वादळानं सुकलेली ती पाखरं, आत हाडं आणि चिमूटभर मांस. मग पाच बाया. अक्का रस्सा प्यायची, वाटी परत द्यायची आणि विचारायची, “मणीनं आणलं कां?” मी म्हणायची, “होय, आजच आणलं.” ती डोळे मिटायची. तिच्या गालावर थोडा रंग आला. उठून भिंतीला टेकून बसायला लागली. मला वाटलं, जमलं.

इकडे निवडलेल्या पाचांना भावजींनी मोठ्या डालग्यात जागा करून दिली. वाळकं गवत घातलं, वाळूची पाटी ठेवली, वखारीतून येताना रोज वाळवीचं ढेकूळ आणायचे. सरदार सकाळ-संध्याकाळ घुमायचा. छोटं पाखरू, पण आवाज असा, की दूर कुठेतरी मोटार सुरू आहे असं वाटावं. दहाव्या दिवशी एका बाईखाली चार अंडी दिसली. आठवड्याभरानं दुसरीखाली तीन. भावजी मला हात धरून घेऊन गेले आणि खूण करून दाखवलं. मी त्यांची कधी स्तुती केलेली नाही, त्या दिवशी केली.

पण अंडं म्हणजे पाखरू नव्हे. पिल्लू निघायला बारा-तेरा दिवस, आणि निघालेलं पिल्लू भुंग्याएवढं. ते रश्शात घालण्याजोगं व्हायला दीड महिना. आमचा हिशेब इथेच लंगडा होता, आणि तो आम्हां दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. नववं पाखरू संपलं. मी पेज दिली, उलटली. कोंबडीचा रस्सा दिला, उलटला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी अक्काला कूस बदलता येईना. तिच्या ओठांना ओलं बोट लावायचं एवढंच माझ्या हाती उरलं.

भावजी वखारीत गेले नाहीत. पडवीत डालग्यापुढे बसून राहिले. मी जाऊन उभी राहिले.

“आतां निवडा,” मी म्हटलं. “एक तर जायलाच पाहिजे.”

“कुठलं?”

“अंड्यांवरल्या दोघींना हात लावायचं नाही. त्या दोघी मोकळ्या अहेत, त्या आज ना उद्यां अंडीं घालतील. राह्यला कोण?”

सरदार गवतात उभा होता, मान ताणून, गळा काळा चकचकीत.

“अप्पा म्हणायचे, एक सरदार पाहिजेच,” भावजी वडिलांचं नाव काढून म्हणाले.

“तुमचे अप्पा!” माझा आवाज चढला. “आयुष्यभर बसून खाल्लं, ते सांगणार दुसरं काय? बाया अंडीं घालतांत, बाया उबवतांत. हा काय करतो? घुमतो! ह्याचं काम झालं. शेतं वाळलीं की मणी दुसरा आणेल. नर काय, कुठलाही चालतो. बाई गेली तर अंडीं कोण घालणार, तुम्हि?”

मी त्या पाखराला बोलत नव्हते. ओसरीवर बसून खानदान सांगणाऱ्या माझ्या नवऱ्याला बोलत होते. हे मला आता कळतं. तेव्हा फक्त राग होता, आणि आत अक्का मरत होती.

भावजींनी हात घातला. सरदाराला उताणं केलं, छातीवर फुंकर मारली. अंगठा हाडावरून खाली पोटावर आला आणि तिथंच थांबला. बराच वेळ थांबला.

“भारी लागतो हातीं,” ते म्हणाले. “पोट गच्च अहे ह्याचं. असं कां?”

“तीन आठवडे वाळवी खातोय फुकटची. आणा इकडे.”

बोटांना कळलं होतं हो. पानाला कधी न चुकलेली ती बोटं सांगत होती, काहीतरी वेगळं आहे. पण सरदार म्हटल्यावर पोटात दुसरं काय असणार? त्यांनी पाखरू माझ्या हातात दिलं.

मी पायरीवर बसून कापलं. आत बोट घातलं आणि कठीण, गुळगुळीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर अंडं. राखी पांढरं, तांबूस ठिपक्यांचं, कवच पुरतं बसलेलं, गरम. त्याच्यामागे बलकांची रांग, वाटाण्याएवढा, मग मुगाएवढा, मग मोहरीएवढा. पुढची कितीतरी अंडी रांगेत उभी होती. आधीच्या चार सरदारांच्या पोटात असं काही दिसलं नव्हतं. ते बिचारे एकेकटे डालग्यात, उपाशी, वादळानं पिळलेले, त्यांच्या पोटात काय दिसणार.

मी हाक मारली नाही. भावजी आपण होऊन आले, वाकून बघितलं. माझ्या हातातलं अंडं बघितलं.

“ही बाई,” ते म्हणाले.

मग त्यांनी ते अंडं घेतलं, धोतराच्या टोकात पुसलं आणि धावत जाऊन उबवणाऱ्या बाईखाली सरकवलं. कापलेल्या पाच बायांच्या पोटात कधी अंडं दिसलं नव्हतं ते याचमुळे, बाई म्हणजे नर. चारही नर. पाळण्यासाठी चार नर उरले होते आणि मादी माझ्या मांडीवर होती. तिचा आवाज घुमणारा, म्हणून आम्ही तिला नर समजलो. तो गप्प बसून उबवतो, म्हणून त्याला बाई. एक साधा शब्द, आणि त्यानं आमचे डोळे बांधून ठेवले होते.

रस्सा तर करायलाच हवा होता. केला. मिरी घातली. अक्काला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजला. तिनं सगळा घेतला, आणि उलटला नाही.

दिवे लागायच्या वेळेला ती म्हणाली, “घुमत नाही आज.”

भावजी उंबऱ्यात उभे होते. मी म्हटलं, “थंडी अहे, म्हणून गप्प अहेत.”

“वत्सला, पुरे,” अक्का म्हणाली. तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. “पांच घुमायचे. मग चार झाले. मग तीन. मी इथें पडून तेंच ऐकते. मणी आणतो, तर पडवींतले कमी कां होतांत? पण ह्यांनी एक राखलाय, तर ह्यांना कळतं, असं वाटलं मला. म्हणून प्याले.” मग ती भावजींकडे बघत राहिली. “अंडीं तीच घालते हो. तुम्हांला ठाऊक नाही कां?”

“तुला कसं ठाऊक?” भावजींनी विचारलं.

“डालगं धुतांना बघितलं. पहिल्याच वर्षीं. मामंजींना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, हें नांव राजवाड्यांतल्या बायकांनी गंमतीनं ठेवलं. अप्पाजीला सांगूं नको, त्याचं त्याला कळूं दे.”

नऊ वर्षं तिनं ती डालगी धुतली. त्या पाखरांविषयी त्या घरात कोणाला काही कळत असेल तर तिलाच. आणि आम्ही दोन शहाणे, एक पानं निवडणारा आणि एक तोंड चालवणारी, पडवीत बसून निवड करत होतो आणि तिच्यापासून लपवत होतो. चार पावलांवर ती पडली होती. एकदा विचारलं असतं तर! आजही भाजी चिरताना मधेच मला हे आठवतं आणि हात थांबतो.

त्यानंतर तिला रागावता आलं असतं, पण ती रागावली नाही. मला म्हणाली, “अंड्यांवरल्यांना उठवूं नको. पिल्लें निघालीं की तीं मझ्यासाठीं नकोत. गळा काळा होईल ती ठेवा.” मग भावजींना जवळ बोलावलं, त्यांचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि झोपली. पोट कसलं, खड्डा होता तो.

दोन मोकळे नर पुढल्या चार दिवसांत कापले. आता ते कशाला ठेवायचे? तोही रस्सा तिनं घेतला. मग काही नव्हतं. आठ अंड्यांतून पाच पिल्लं निघाली. पहिली निघाली त्या दिवशी भावजींनी एक पिल्लू तळहातावर घेऊन तिला दाखवलं. तिनं बोट लावलं. मासीच्या आधीचा थै महिना अजून सरला नव्हता तेव्हा ती गेली. यादीतलं आमचं नाव पुढे सरकलं ते तिच्या तेराव्यानंतर.

पाचांतली तीन जगली. भावजी वखारीतून दोनदा घरी यायचे, वाळवी फोडून द्यायचे, गार वारा आला की डालगं अंगाशी घेऊन बसायचे. मी परत जायला हवं होतं, पण मला जाववेना आणि त्यांनी जा म्हटलं नाही. एका पिल्लाच्या गळ्यावर हळूहळू काळं उतरायला लागलं. ते आपण बाईखाली सरकवलेल्या त्या अंड्यातलंच, असं भावजी धरून बसले होते. कुठलं अंडं कुठलं पिल्लू, कोण सांगणार? पण मी वाद घातला नाही. जन्मात एवढ्या एका बाबतीत घातला नाही.

एप्रिलच्या मध्यावरची, चित्तिरै महिन्याच्या सुरुवातीची एक सकाळ. भावजी ओसरीवर घरच्यासाठी आणलेली पानं पुसत होते, मी सडा घालत होते. पडवीतून आवाज आला. आधी अडखळत, मग लांबलचक, हूम् हूम्. भावजींच्या हातातली पानं खाली पडली. ते उठून पडवीकडे जातील असं मला वाटलं. ते आत गेले. अक्काची खाट अजून तिथंच होती, नुसती सुंभाची, गादी जाळून टाकलेली. तिच्यापाशी उभे राहिले आणि ती तिथं पडलेली असावी तसे वाकून म्हणाले, “ऐकलंस कां? घुमली.”

घुमला नाही म्हणाले. घुमली म्हणाले.